दोन रंग, सात पट्टे: मधुमालतीची शाल

विणकामाचा एक मोठा फायदा असा, की हात आणि डोळे गुंततात पण कान मोकळे राहतात. त्यामुळे तुमच्यातले निदान काही जण हा भाग सुया हातात घेऊनच ऐकत असणार, असा माझा अंदाज आहे. त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी शाळेत मफलरच्या चार ओळी विणून सुया कायमच्या ठेवून दिल्या त्यांच्यासाठीही, आजचा विषय: फक्त दोन रंगांच्या लोकरीतून मधुमालतीच्या झुपक्यासारखी शाल कशी विणायची. आकडे बरेच येणार आहेत. ऐकताना निसटले तर काळजी नको, म्हणून तर हा सगळा मजकूर इथे लिहून ठेवलाय.

आधी फूल

मी दारव्ह्याची, यवतमाळ जिल्ह्यातली. आमच्याकडे फाटकावर मधुमालती चढवलेलं घर प्रत्येक गल्लीत एखादं तरी सापडतं. इंग्रजीत याच वेलीला रंगून क्रीपर म्हणतात. हिचं फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं असतं. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होतं आणि तिसऱ्या दिवसापर्यंत लाल. रोज नव्या कळ्या उमलत राहतात, त्यामुळे एकाच झुपक्यात पांढरी, गुलाबी, लाल अशी सगळी फुलं शेजारी शेजारी लोंबत असतात. ज्यांना माहीत नाही त्यांना वाटतं, दोन-तीन वेली एकत्र लावल्यात.

हा रंगबदल उगाच नाही. या फुलाची नळी लांब असते आणि मध तिच्या तळाशी. तिथवर पोचायला लांब सोंड लागते, आणि अशी सोंड असलेले मोठे पतंग रात्री फिरतात. अंधारात त्यांना पांढरा रंग दिसतो, म्हणून पहिली रात्र पांढरी. पुढे फुलात रंगद्रव्य वाढत जातं, आणि गुलाबी-लाल झालेल्या फुलावर दिवसा मधमाश्या आणि इतर पाहुणे येतात. म्हणजे एकच फूल रात्रपाळी आणि दिवसपाळी, दोन्ही करतं.

शालीसाठी बागेतली बाकीची फुलंही डोक्यात होती. गुलबक्षीच्या एकाच पाकळीवर दोन रंगांचे शिंतोडे असतात, तेही सुंदर दिसले असते. झेंडू तर आपला हक्काचा. पण मला हवा होता हळूहळू बदलणारा रंग, आणि तो मधुमालतीत आयता होता.

ज्या बाईसाठी शाल, तिचं म्हणणं

ही शाल माझ्या आत्यासाठी. सुईवर टाके घालायला मला तिनेच शिकवलं. डिसेंबर-जानेवारीत दारव्ह्यात पहाटे चांगली थंडी पडते, आणि आत्या पहाटेच उठते. तिची जुनी शाल विरली होती. मी फोनवर विचारलं, पांढऱ्या-लाल रंगात विणू का, आपल्या मधुमालतीसारखी?

ती म्हणाली, "आता मले लाल कायले वं पोरी? फिक्की कर. लोक काय म्हनतीन?"

माझे मामंजी, म्हणजे आत्याचे यजमान, जाऊन सात वर्षं झाली. तेव्हापासून तिच्या कपाटातले रंग एकेक करून उतरत गेले. कोणी तिला बसवून नियम सांगितला नाही. दुकानात गेली की दुकानदार आपणहून फिक्या साड्या पुढे टाकतो, आणि तीही तशीच घेते. हे तुमच्याही घरात कुठेतरी पाहिलं असेल.

आता दोन सोपे रस्ते होते. एक, तिच्या म्हणण्याप्रमाणे सगळी पांढरी शाल विणायची. दुसरा, 'काळ बदललाय' असं भाषण ठोकून लालभडक शाल तिच्या अंगावर घालायची. पहिल्यात तिने मनातून काय सोडलं ते मला कधी कळलं नसतं. दुसऱ्यात शाल कपाटात घडी घालून पडली असती, कारण अंगावर ती तिला घ्यायची आहे, मला नाही. मग मी म्हटलं, थांब, मी आधी नमुना विणून आणते, तो बघ आणि मग सांग.

दोन रंगांतून गुलाबी कसा काढायचा

इथे माझ्या रोजच्या कामातली एक गोष्ट उपयोगी पडली. वर्तमानपत्रातला कृष्णधवल फोटो भिंगाखाली बघा. त्यात राखाडी शाई नसतेच. काळे ठिपके असतात, कुठे दाट, कुठे विरळ, आणि लांबून डोळा त्यांचा राखाडी करतो. संगणकाच्या पडद्यावर रंग मोजकेच असायचे तेव्हाही हीच युक्ती वापरत. तिला डिदरिंग म्हणतात. त्यातली एक गाजलेली पद्धत फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांनी १९७६ साली मांडली, आणि ती अजून वापरात आहे.

गंमत म्हणजे त्याच वर्षी, १९७६ मध्ये, बार्बरा वॉकर या अमेरिकन लेखिकेचं मोझेक विणकामावरचं पुस्तक आलं. मोझेक विणकामाचं तत्त्व फार साधं आहे. एका वेळी एकच रंग हातात असतो. त्या रंगाने दोन ओळी विणायच्या, एक जाताना आणि एक येताना. जिथे खालचा दुसरा रंग दिसायला हवा, तिथला टाका विणायचा नाही, नुसता डाव्या सुईवरून उजव्या सुईवर सरकवायचा. तो खालच्या ओळीतला टाका वर ओढला जातो आणि नव्या रंगात ठिपक्यासारखा दिसतो. दोन गुंडे एकाच वेळी बोटांवर घेऊन कसरत करायची गरज नाही. ज्याला सुलट टाका येतो, त्याला हे येतं.

म्हणजे पांढऱ्यात लाल ठिपके किती, एवढंच आपण ठरवायचं. सोळाव्या हिश्शाला लाल ठेवला तर पांढऱ्यावर जेमतेम लाली चढते. चौथ्या हिश्शाला ठेवला तर दहा फुटांवरून गुलाबी दिसतो. गुलाबी लोकर विकत आणायची गरजच नाही.

साहित्य

मध्यम जाडीची लोकर घ्या. वेष्टनावर डीके किंवा डबल निटिंग लिहिलेलं असतं. पांढरी २५० ग्रॅम, लाल २५० ग्रॅम. शालीला सगळी मिळून साधारण ४०० ग्रॅम लागते, पण रंग एकाच खेपेचा मिळावा म्हणून थोडी जास्त घ्यायची. दुकानात आपण जिला लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते, आणि या शालीला ती चालते. धुवायला सोपी, आटत नाही.

लाल लोकरीचा हातभर तुकडा कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा. फडक्याला रंग लागला तर ती लोकर परत करा. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे, आणि ती न करता पांढऱ्याशेजारी लाल विणू नका.

तुम्ही विचाराल, दारव्हा म्हणजे कापसाचा मुलूख, मग सुती दोरा का नाही? प्रश्न रास्त आहे. आमच्या गावावरून पूर्वी धावणारी शकुंतला रेल्वे, दारव्हा मोतीबाग हे स्टेशन असलेली, इंग्रजांच्या काळात टाकली गेली तीच मुळी इथला कापूस बाहेर न्यायला. पण सुती दोऱ्याला लोकरीसारखा ताण नसतो. सरकवलेला टाका वर ओढला जाताना लोकर थोडी ताणली जाते आणि पुन्हा जागेवर येते, सूत तसं करत नाही. शिवाय एवढी मोठी सुती शाल जड होते आणि खांद्यावरून लोंबत राहते. उन्हाळ्यातल्या पातळ ओढणीसाठी सूत उत्तम, पहाटेच्या थंडीसाठी लोकर.

सुया ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते, हे लक्षात असू द्या. तारेने जोडलेली गोल सुई मिळाली तर घ्या, म्हणजे शालीचं वजन मनगटावर येत नाही, मांडीवर राहतं.

तीन प्रकारच्या जोड्या

सुईवर १०१ टाके घाला. नेम असा की ४ च्या पटीत अधिक १. १० सेंटिमीटरमध्ये २० टाके बसले तर रुंदी साधारण ५० सेंटिमीटर होते. सगळ्या ओळी सुलट आहेत, उलट टाका कुठेच नाही. ओळी नेहमी जोडीने मोजायच्या. जोड्या तीनच प्रकारच्या:

साधी जोडी: दोन्ही ओळींत सगळे टाके सुलट.

एकआड जोडी: १ सुलट, मग (१ सरकवा, १ सुलट) ५० वेळा.

तीनआड जोडी: १ सुलट, मग (३ सरकवा, १ सुलट) २५ वेळा.

परतीच्या ओळीत डोकं चालवायचं नाही. जाताना जे टाके विणले तेच विणायचे, जे सरकवले ते पुन्हा सरकवायचे. एकच नियम पाळायचा: सरकवताना लोकर कायम शालीच्या मागच्या बाजूला राहिली पाहिजे. म्हणजे जाताना ती सुईच्या मागे, आणि परतताना, शालीची पाठ आपल्याकडे असते तेव्हा, सुईच्या पुढे. टाका सरकवताना सुई उलट टाक्यासारखी घाला, म्हणजे त्याला पीळ पडत नाही. आणि तीनपेक्षा जास्त टाके सलग सरकवू नका. मागे लांब धागा सुटतो आणि त्यात अंगठी, बांगडी, लहान मुलांची बोटं अडकतात.

सात पट्टे

प्रत्येक पट्टा १०४ ओळींचा, म्हणजे ५२ जोड्यांचा.

पहिला पट्टा: पांढऱ्या साध्या ५२ जोड्या.

दुसरा: पांढऱ्या साध्या ३ जोड्या, मग लाल तीनआड १ जोडी. असं १३ वेळा. लाल सोळावा हिस्सा.

तिसरा: पांढरी साधी १ जोडी, लाल एकआड १ जोडी. असं २६ वेळा. लाल चौथा हिस्सा.

चौथा: पांढरी साधी १, लाल साधी १. असं २६ वेळा. निम्मं-निम्मं.

पाचवा: लाल साधी १, पांढरी एकआड १. असं २६ वेळा. लाल तीन चतुर्थांश.

सहावा: लाल साध्या ३, पांढरी तीनआड १. असं १३ वेळा. आता पांढरा सोळाव्या हिश्शावर आला.

सातवा: लाल साध्या ५२ जोड्या.

दुसऱ्या आणि सहाव्या पट्ट्यात ठिपके एकाखाली एक रांगेत नको असतील, तर दर दुसऱ्या वेळी तीनआड जोडी अशी विणा: १ सुलट, १ सरकवा, १ सुलट, मग (३ सरकवा, १ सुलट) २४ वेळा, शेवटी १ सरकवा, १ सुलट. टाके पुन्हा १०१ च भरतात, पण ठिपके विखुरतात आणि फुलासारखे वाटतात.

रंग बदलताना लोकर तोडू नका. दोन्ही गुंडे कडेला चालू ठेवा, आणि जो रंग विश्रांती घेतोय त्याला दर दोन ओळींनी एक सैल वेढा द्या. वेढा घट्ट झाला तर ती कड आखडते. प्रत्येक पट्ट्याच्या शेवटी टाके मोजा, आणि जाड सुईने एक पातळ, वेगळ्या रंगाचा दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. पुढे कधी उसवावं लागलंच तर शाल त्या दोऱ्यापाशी थांबते.

एकूण ओळी ७२८. लांबी सरळ हिशेबाने १८२ सेंटिमीटर, पण सरकवलेले टाके कापड थोडं आखडतात, त्यामुळे प्रत्यक्षात काही कमी भरते. एकूण टाके ७३,५२८. मिनिटाला ३० टाके धरले तर साधारण ४१ तास. रोज एक तास दिला तर दीड महिन्याच्या आत शाल तयार. पॉडकास्टच्या भागांत मोजायचं तर, तुम्हीच मोजा.

नमुना

शालीला हात घालण्याआधी मी २५ टाक्यांची एक अरुंद पट्टी विणली, सातही प्रकार एकाखाली एक, प्रत्येकी २४ ओळी. दोन-अडीच तासांचं काम. ती दारव्ह्याला नेली आणि आत्याच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, सांग, कुठपर्यंत विणू?

तिने बोट तिसऱ्या प्रकारावर ठेवलं. चौथा हिस्सा लाल. "इथलोक चालन," म्हणाली.

मी म्हटलं बरं. मनात हिशेबही केला, तीनच पट्टे रुंद करून शाल पुरी करता येईल. पण संध्याकाळभर ती पट्टी तिच्या हातात होती. विणणाऱ्या बाईच्या हातात नमुना दिला की ती तो उलटा करून बघतेच. मागचे धागे बघितले, कड ओढून बघितली. मग म्हणाली, "पऱ्हाटीचं फूल बी असंच करते." खरं आहे. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी फिक्कट, पांढरट-पिवळसर उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं, मग गळतं आणि मागे बोंड धरतं. आत्याने आयुष्यभर वावरात हे पाहिलंय. मी मधुमालतीत जे शोधत होते, ते गावाबाहेर शेकडो एकरांवर दर पावसाळ्याच्या शेवटी होत असतं, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निघताना तिने पट्टी परत दिली. म्हणाली, "पुरी कर. घडी कशी घालाची थे मी पाहीन."

आता ती शाल कशी वापरते

मी सातही पट्टे विणले. आत्या बाहेर जाताना शाल अशी घेते की पांढरं टोक खांद्यावरून पुढे येतं आणि लाल टोक आत, काखेखाली दाबलेलं राहतं. घरी, पहाटे चुलीपाशी, उलट. दोन्ही टोकांची घडी तिने स्वतःच ठरवली आणि त्यावर आमचं काही बोलणं झालेलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं आलं नाही, मागच्या वर्षीही आलं नव्हतं. शाल विणून ते बदललेलं नाही, आणि तसं काही घडल्याचा आव मी आणणार नाही.

या रूढींविरुद्ध आपल्याच राज्यात ठोस काम झालंय. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. तुमच्या गावात असा ठराव झालाय का, हे एकदा विचारून बघा. ग्रामसभेत हा विषय कोणीही गावकरी काढू शकतो, आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं मतदार यादीतलं नाव अजून गावाकडेच आहे.

तोवर, कोणासाठी काही विणत असाल तर एवढं करा. रंग आपल्या मनाने ठरवू नका, आणि नुसतं 'कुठला रंग हवा' असंही विचारू नका, कारण फोनवर त्याचं ठरलेलं उत्तर येतं. २५ टाक्यांचा नमुना विणा, हातात द्या आणि एक रात्र त्यांच्याकडे राहू द्या. अडीच तास जास्त लागतात. पुढचे ४१ तास सत्कारणी लागतात.

नमुना विणलात तर उजेडात फोटो काढा, एक जवळून आणि एक दहा फुटांवरून. दुसऱ्या फोटोत गुलाबी दिसला, तर तुमचं जमलं. दिसला नाही तर लाल एक छटा गडद किंवा उजळ घेऊन पुन्हा बघा.

पुढच्या भागात उसवलेल्या जुन्या स्वेटरची लोकर धुऊन, सरळ करून पुन्हा कशी वापरायची ते बोलू. तोवर टाके मोजत राहा. भेटू.